लगोऱ्यांच्या पठारावर दोन साडू

चष्म्याच्या त्या दुकानात एक वाक्य उच्चारायला बंदी होती. ते वाक्य म्हणजे, "दिसतंय ना?"

बंदी थोरल्या साडूंनी घातली होती. त्यांचं म्हणणं असं, की माणसाला 'दिसतंय ना?' विचारलं की तो 'हो' म्हणतो. दिसत असतं म्हणून नव्हे, तर समोरच्याचं मन कशाला मोडा म्हणून. मग त्या भिडस्त होकाराच्या नंबरची काच तयार होते, ती नाकावर चढवून माणूस जिना उतरायला जातो आणि पुढची केस हाडांच्या डॉक्टरकडे जाते. तेव्हा विचारायचं ते एवढंच, "काय दिसतंय?" आणि मग आपण तोंड मिटायचं. या एका नियमावर थोरल्यांनी नाव कमावलं होतं. गिऱ्हाइकं त्यांना डॉक्टर म्हणत. ते डॉक्टर नव्हते, पण कुणी इतक्या आदराने म्हटलेलं खोडून काढणं त्यांना उद्धटपणाचं वाटे.

दुकानाचे दोन भाग होते. मागे अंधारी खोली, खुर्ची आणि अक्षरांचा तक्ता, तिथे थोरले. पुढे काउंटर, आरसे आणि भिंतभर फ्रेमा. तिथे धाकटा साडू. एकाच सासऱ्याचे दोन जावई एका छपराखाली गुण्यागोविंदाने नांदतात हे पाहून नातेवाईक तोंडात बोट घालत. त्यामागचं रहस्य फारसं खोल नव्हतं. धाकटा कशालाच नाही म्हणत नसे. गोल चेहऱ्याच्या बाईने गोल फ्रेम चढवून आरशात पाहिलं, की हा म्हणणार, "ताई, कारखान्यात तुमचा फोटो होता की काय!" थोरल्यांनी कपाटं तपकिरी रंगवू म्हटलं, हा हो. फ्रेमांची मांडणी बदलू म्हटलं, हो. परत होती तशीच करू म्हटलं, तरी हो. पंधरा वर्षांत दुकानात एक भांडण नाही, हे थोरले मोठ्या अभिमानाने सांगत. बंद पडलेल्या घड्याळाच्या मालकाने ते कधी टिकटिक करून त्रास देत नाही, असं सांगावं तसं.

अशा या धाकट्याला मॉलमधल्या भल्यामोठ्या चष्म्याच्या दुकानाने बोलावणं धाडलं होतं. धाकट्याच्या बायकोने ही बातमी आपल्या थोरल्या बहिणीला "कुणाला सांगू नकोस हं" अशी ताकीद देऊन सांगितली. त्यामुळे ती थोरल्यांपर्यंत पोचायला चहा गाळण्याइतकाच वेळ लागला.

"मग तो काय म्हणाला त्यांना?" थोरल्यांनी बायकोला विचारलं.

"ते तिलाही माहीत नाही. विचारलं की 'बघू' म्हणतो."

"आणि आपल्याला कधी सांगणार?"

"आपल्याला माहीतच नाहीये. म्हणजे तसं ठरलंय."

थोरल्यांना काळजी लागली. ती गिऱ्हाइकं तुटतील याची, अशी त्यांनी स्वतःची समजूत करून घेतली. पण काळजी गिऱ्हाइकांपेक्षा मोठी होती. अंधाऱ्या खोलीतून बाहेर आलं आणि काउंटरवर तो माणूस दिसला नाही, तर दिवसभरात कुणाशी बोलायचं? थोरल्यांना दुसरा मित्र नव्हता. धाकटा मित्र आहे, हेही त्यांनी कधी कबूल केलं नव्हतं. साडूला कुणी मित्र म्हणतं का?

राहतोयस की जातोयस, हे त्याला सरळ विचारायचं असं त्यांनी ठरवलं. पण कुठे? दुकानात गिऱ्हाईक, आणि दोन्ही घरांत त्या दोघी बहिणी. भिंतींना कान असतात म्हणतात. यांच्या भिंतींना तोंडही होतं. शेवटी थोरल्यांना पठार आठवलं. तरुणपणापासून ते तिथे हिंडत आले होते. "सुट्टीच्या दिवशी डोंगरात जाऊ या. आवडेल ना तुला?" त्यांनी धाकट्याला विचारलं.

धाकट्याचं उत्तर सांगायची गरज नाही. नवे बूट घालून तो भल्या सकाळी दारात हजर झाला आणि पहिल्या चढालाच त्याची टाच सोलली. "बूट बरे आहेत ना?" थोरल्यांनी विचारलं. "अगदी झकास," धाकटा लंगडत म्हणाला.

पठार म्हणजे अर्ध्या दिवसाच्या चालीचा एक सपाट, उघडाबोडका खडक. तिथे पायवाट पडत नाही, कारण दगड पावलांची नोंद ठेवत नाही. तीन बाजूंनी कडे, आणि चौथीकडे एक घळ. उतरायची वाट तेवढी एकच. ती सापडावी म्हणून जुन्या लोकांनी ठरावीक अंतरावर दगडावर दगड रचून ठेवले होते. डोंगरात हिंडणारे त्यांना लगोऱ्या म्हणत. एका लगोरीपाशी उभं राहिलं की पुढची दिसते, ती गाठली की त्याच्या पुढची. असं करत करत माणूस घळीच्या तोंडाशी पोचतो.

"लगोरी म्हणजे ती खेळातली? चेंडूने पाडायची?" धाकट्याने विचारलं.

"तीच. फक्त ही पाडायची नाही. ही पाडली तर आपण पडतो."

पठाराच्या मध्यावर एका लगोरीच्या आडोशाला बसून त्यांनी थर्मासमधला चहा ओतला. आता विचारायचं. थोरल्यांनी घसा साफ केला. सबंध आयुष्य लोकांना नेमका प्रश्न विचारण्यात घालवलेल्या त्या माणसाच्या तोंडून शब्द निघाले ते असे, "आपल्या दुकानात तुझं बरं चाललंय ना?"

"हो तर! एकदम."

"म्हणजे तसं काही... नाही ना?"

"छे छे, काही नाही."

झालं. थोरल्यांनी चहा संपवला. हवं ते उत्तर मिळालं होतं आणि काळजी तसूभरही हलली नव्हती.

तेवढ्यात धुकं आलं. आधी लांबची टेकडी गेली, मग पुढची लगोरी गेली, मग धाकट्याचे बूट गेले, वरचा धाकटा तेवढा दिसत होता. दोघांच्याही चष्म्यांवर पाणी साचलं. शहरातल्या सगळ्यात भारी काचा नाकावर घेतलेली ती दोन माणसं आंधळी कोशिंबीर खेळायला उभी राहिल्यासारखी एकमेकांकडे तोंड करून उभी होती.

"घाबरायचं काही कारण नाही," थोरले म्हणाले. ते वाक्य नेहमी ज्याला कारण असतं तोच म्हणतो. "यावर एक रीत आहे. एकाने लगोरीला हात लावून उभं राहायचं. दुसऱ्याने हाकेच्या टप्प्यात राहून पुढची शोधायची. तिची खात्री पटली की मगच पहिल्याने हात सोडायचा. घाईने हात सोडला की दोघंही हरवले. तुझी नजर माझ्यापेक्षा चांगली, तेव्हा तू पुढे हो."

रीत चांगली होती. पहिली लगोरी सापडली, दुसरी सापडली, तिसरीला जरा वेळ लागला पण तीही सापडली. चौथीच्या वेळी मात्र धाकट्याचा आवाज बराच वेळ आला नाही. थोरल्यांचा दगडावरचा हात गारठला होता. सदऱ्याच्या आत पाणी उतरत होतं. कडे तीन बाजूंना आहेत, हे त्यांना नको तेव्हा आठवलं आणि ते ओरडले,

"दिसतेय ना?"

धुक्यातून क्षणभर काही आलं नाही. मग आलं, "हो!"

थोरल्यांनी हात सोडला.

आवाजाच्या रोखाने ते पोचले तेव्हा धाकटा एका ढिगाशेजारी ओशाळं हसत उभा होता. ढीग मोठा देखणा होता. खाली जेमतेम वीतभर दगड, त्यावर त्याहून लहान, त्यावर त्याहून लहान, आणि टोकावर सुपारीएवढा खडा. वारा शिंकला असता तर पडला असता. त्याच्या बाजूला तसाच आणखी एक. पलीकडे आणखी. धुक्यात जिकडे हात करावा तिकडे नाजूक लगोऱ्यांचं पीक आलं होतं. सहलीला येणारे लोक फोटोसाठी दगड रचतात आणि फोटो घेऊन घरी जातात. दगड काही त्यांच्याबरोबर जात नाहीत.

"या आपल्या नाहीत," थोरले म्हणाले.

"मलाही तसंच वाटलं."

"वाटलं? मग 'हो' कशाला म्हणालास?"

"तुम्ही 'दिसतेय ना' असं विचारलंत, दादा," धाकटा म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, नुसतं निवेदन होतं. "तिकडे तुम्ही एकटेच थंडीत उभे. नाही कसं म्हणायचं?"

थोरल्यांनी वळून पाहिलं. ज्या लगोरीवर त्यांचा हात होता, ती आता जगात कुठेही नव्हती.

ते खाली बसले. दगड ओला होता, पण आता त्याने काय फरक पडणार होता! ज्या वाक्यापायी त्यांनी हाताखालच्या दोन शिकाऊंना घरी बसवलं होतं, ते वाक्य स्वतःच्या तोंडून सुटलं होतं. स्वतःला घरी पाठवावं म्हटलं, तर घराची वाटच सापडत नव्हती.

"मला एक सांग," ते म्हणाले. "कपाटांचा तपकिरी रंग?"

"शेणासारखा दिसतो, दादा."

"बूट?"

"रक्त येतंय."

"आणि डोंगर आवडतात, ते?"

धाकट्याने भोवतालच्या धुक्याकडे पाहिलं. "आज मत देत नाही. आज ते जरा तापलेत आपल्यावर."

थोरल्यांना हसू फुटलं, आणि हसता हसता ते एकदम बोलून गेले, "मॉलवाल्यांना काय सांगितलंस?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुझ्या बायकोने माझ्या बायकोला कुणाला सांगू नकोस म्हणून सांगितलं."

"म्हणजे दूधवाल्यालाही माहीत असणार."

"तू त्यांना काय सांगितलंस?"

"हो म्हटलं."

"म्हणजे चाललास."

"तसं नाही. ते म्हणाले, 'येणार ना तुम्ही?' मग मी काय म्हणणार?" धाकट्याने ओला चष्मा काढून ओल्याच रुमालाने पुसला. "मघाशी तुम्ही विचारलंत, तुम्हालाही हो म्हटलं. दोन्हीकडे हो म्हणून बसलोय, दादा. झोप लागत नाही."

एका माणसाने दोन खुर्च्यांवर बसायचा वायदा केला होता, आणि दोन्ही खुर्च्या पुढे करणारे खुशीत होते. थोरल्यांच्या जिभेवर पुढचा प्रश्न आला, 'पण राहायचंय ना तुला?' आणि त्यांनी तो दातांनी अडवला. एका चुकीच्या प्रश्नापायी लगोरी गेली होती. दुसऱ्यापायी माणूस जाईल.

"आधी खाली उतरू," ते उठून म्हणाले. "मी या फोटोसाठीच्या ढिगाशेजारी उभा राहतो. खोटा असला तरी जागा सोडून जात नाही, एवढा गुण आहे त्याच्यात. तू याच्याभोवती फेरी घाल. आणि ऐक, मी तुला फक्त 'काय दिसतंय' विचारणार. जे दिसेल ते सांग, आणि दिसलं नाही तर नाही म्हण. माझं मन मोडलं तर मोडू दे. कड्यावरून पाय मोडण्यापेक्षा स्वस्त पडेल."

धाकटा धुक्यात गेला.

"काय दिसतंय?"

"धुकं."

"आणि?"

"आणखी धुकं."

जरा वेळाने पुन्हा, "काय दिसतंय?"

"काही नाही!"

हे 'नाही' धुक्यातून मोठं खणखणीत आलं. थोरल्यांना वाटलं, याच्या गळ्यात इतका चांगला आवाज होता आणि आपण तो कधी ऐकलाच नव्हता. पुढच्या 'नाही'ला तो आणखी मोकळा झाला होता. त्याच्या पुढच्याला तर धाकटा चक्क खेकसला, "नाही म्हटलं ना! दिसलं की सांगतो, सारखं सारखं काय विचारता!" थंडीने कुडकुडणाऱ्या थोरल्यांना का कोण जाणे, बरं वाटलं.

मग आवाज आला, "एक ढीग आहे. पण मी हो म्हणत नाहीये अजून!"

"नको म्हणूस. कसा आहे?"

"बसका. ओबडधोबड. रचणाऱ्याला घरी जायची घाई असावी. खालचे दगड चांगले जाड आहेत."

"लाथ मारून बघ."

"हलत नाही. पायच दुखला. वर दगडफूल आहे, पांढुरकं."

"नीट बघ. एका दगडावर आहे, की सांध्यावरून दुसऱ्यावर गेलंय?"

धाकट्याने वेळ घेतला. थोरल्यांनी घेऊ दिला.

"सांध्यावरून गेलंय. दोन दगड त्यानेच चिकटवल्यासारखे दिसतायत. हे काही या वर्षीचं काम नाही, दादा. ही जुनी आहे."

"खात्री?"

"हो," धाकटा म्हणाला. हा 'हो' अगदीच वेगळा होता. तो लांबून आला, जड होता, आणि त्यावर पाय ठेवता आला असता.

थोरल्यांनी देखण्या ढिगाचा वरचा खडा उचलून फेकला, बाकीचे दगड पायाने पसरवले, म्हणजे पुढच्या कुणाला त्याचा मोह पडायला नको, आणि आवाजाच्या दिशेने चालू लागले.

जुन्या लगोरीपाशी पोचल्यावर दोघं तिच्या आडोशाला टेकले. धुकं जरा विरळ होऊ लागलं होतं. थोरल्यांनी प्रश्न मनातल्या मनात दोनदा घासूनपुसून घेतला.

"तुला काय हवंय?" त्यांनी विचारलं, आणि तोंड मिटलं.

खुर्चीत बसलेल्या माणसाच्या उत्तराची वाट पाहायची त्यांना सवय होती. पण तिथे अंधार असे. इथे समोर साडूचा चेहरा होता.

"मला डोळे तपासायचेत," धाकटा म्हणाला.

"कुणाचे?"

"लोकांचे. पोरांचे जास्त करून. मी त्याची परीक्षा दिलीय, दादा. पासही झालोय, होऊनही बरेच दिवस झाले."

"कधी दिलीस? तू तर संध्याकाळी कॉम्प्युटरच्या क्लासला जात होतास."

"तुम्हीच विचारलं होतंत, 'कॉम्प्युटरचा क्लास ना?' मी हो म्हटलं."

थोरल्यांनी कपाळाला हात लावला.

"मॉलवाले तपासणीची खोली देतायत," धाकटा पुढे म्हणाला. "म्हणून गेलो होतो बोलायला. नाहीतर फ्रेमा विकायला मॉल कशाला हवा?" मग त्याने दुखऱ्या पायाच्या बुटाची नाडी सैल केली. "दुसरं एक सांगू? रागावणार असाल तरी सांगतो. तुम्ही पोरांना 'काय दिसतंय' विचारता, ते बरोबर. पण आवाज असा लावता, की पोरं तक्ता पाठ करून येतात. बाहेर माझ्याकडे येऊन सांगतात, 'काका, खालची ओळ मी अंदाजे म्हटली.' मग मी त्यांना परत आत पाठवतो."

थोरल्यांना आठवलं. 'पुन्हा एकदा बघा ना डॉक्टर' म्हणत परत येणारी पोरं. दुसऱ्या वेळी नंबर बदललेला निघे, आणि ते आईबापांना अभिमानाने सांगत, पाहिलंत, आम्ही दोनदा तपासतो.

ही गोष्ट गिळायला त्यांना चहा लागला असता, पण थर्मास रिकामा होता. त्यांनी ती तशीच गिळली. अंधारी खोली त्यांची होती. तिथली खुर्ची, तक्ता, बोटांना पाठ झालेली बटणं. ती सोडायची म्हणजे दात काढून द्यायचा. आणि नाही सोडली, तर पुढच्या काउंटरवर कुणी तरी नवा माणूस, जो त्यांना सर म्हणेल.

"सकाळी तू तपास," ते शेवटी म्हणाले. "संध्याकाळी मी."

"नाही."

थोरल्यांनी वर पाहिलं.

"उलट करू," धाकटा म्हणाला. "पोरं शाळा सुटल्यावर येतात. संध्याकाळ मला द्या. सकाळची म्हातारी माणसं तुमची, ती तुम्हाला घाबरत नाहीत."

"आणि संध्याकाळी फ्रेमा कोण विकणार?"

"तुम्ही."

"मी? अरे, मी लोकांना खरं सांगेन! एखादीला म्हणेन, बाई, यात तुम्ही घुबड दिसता."

"म्हणा की. चार जणी जातील, पाचवी बहिणीला घेऊन येईल. खरं बोलणारा दुकानदार बघायला कोण येणार नाही?" धाकटा उठला आणि सोललेल्या टाचेवर भार पडताच कळवळला. "आणि ती कपाटं रंगवायची. हे मी विचारत नाहीये."

"कुठला रंग?"

"पांढरा."

"पांढऱ्यावर डाग दिसतात."

"दिसू देत."

मग ते उतरले. एकजण लगोरीला हात लावून उभा, दुसरा पुढे, दर वेळी लांबून उत्तर येईपर्यंत दोघंही आपापल्या जागी. घळीच्या तोंडाशी पोचले तेव्हा धुकं डोक्यावर राहिलं होतं आणि खाली उतार, झुडपं आणि दूरवर रस्त्याची राखाडी पट्टी स्वच्छ दिसत होती. दोघांनी चष्मे पुसले. वाद चालूच होता: दारावर वेळा लिहायच्या तर कुणाचं नाव आधी. थोरल्यांचं म्हणणं वयाने, धाकट्याचं म्हणणं परीक्षेने. पंधरा वर्षांतलं ते पहिलं भांडण, आणि दोघंही ते सोडायला तयार नव्हते.

उताराच्या मध्यावर धाकट्याच्या फोनला रेंज आली. तो थांबला आणि त्याने मॉलवाल्यांना फोन लावला. थोरलेही थांबले, मग कसंसंच होऊन चार पावलं पुढे गेले आणि एका झुडपाकडे पाहत उभे राहिले.

"हो," त्यांना ऐकू आलं. "हो, मीच बोलतोय. हो. हो, हो." थोरल्यांनी डोळे मिटले. मग जरा शांतता, आणि मग, "नाही." मग पुन्हा, "नाही, तसं नाही. माझी चूक झाली, मी आधीच सांगायला हवं होतं. नाही. इथेच राहणार."

धाकटा खाली आला तेव्हा त्याचा चेहरा ताप उतरलेल्या माणसासारखा घामेजला होता.

"काय म्हणाले?" थोरल्यांनी विचारलं.

"म्हणाले, घाई करू नका, शांतपणे विचार करा. उद्या परत फोन करू का विचारत होते."

"मग?"

"हो म्हटलं."

थोरले जागच्या जागी उभे राहिले.

"करू दे की, दादा," धाकटा त्यांच्या खांद्याचा आधार घेत खालचा दगड उतरला. "आजचं 'नाही' जरा कच्चं झालं. उद्या पक्कं म्हणतो."